दिवेलागणीची प्रार्थना कुठून आली

"आधी प्रार्थना, मग ताट." आमच्या आजीचा हा कायदा. दिवे लागले की शेजारी हरिपाठ सुरू व्हायचा आणि आमच्या ख्रिस्ती घरात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं. एक उतारा, एक गीत, मग लहानापासून थोरापर्यंत प्रत्येकाची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. रविवार असला तर आतून तांबड्या रश्श्याचा वास यायचा. डोळे मिटलेले असायचे, लक्ष कुठं असायचं ते सांगायला नको.

ही रीत आमच्या इथल्या चर्चनं लावली असेल असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. पण तिचं मूळ फार लांबच्या घरांत आहे.

स्कॉटलंडच्या चर्चनं १६४७ मध्ये कौटुंबिक उपासनेची नियमावली मंजूर केली. घरच्या कर्त्यानं रोज सगळ्यांना बसवून शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची. टाळाटाळ केली तर आधी खासगीत समज, मग मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, ज्येष्ठांकडून कानउघाडणी, तरीही ऐकलं नाही तर प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी, बंद! आज हे कडक वाटेल. पण या चर्चच्या, म्हणजे प्रेस्बिटेरियन पंथाच्या, लोकांच्या लेखी घर ही छोटी मंडळीच होती, आणि पाळक (धर्मगुरू) येईपर्यंत तिनं उपाशी राहू नये एवढाच त्यामागचा हिशेब.

ही परंपरा अमेरिकेमार्गे कोल्हापुरात आली. मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेतर्फे इथं आले. पुढं बोर्डाशी त्यांचं बिनसलं, तेव्हा काही वर्षं त्यांनी हे काम स्वतःच्या बळावर रेटलं. १८७० मध्ये ते प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. वायल्डर मेमोरियल चर्च हे नाव शहरात अजून ऐकू येतं, पण त्यांच्या घरातल्या प्रार्थनेचा वाटा मला मोठा वाटतो. मुलगा रॉबर्ट इथंच, कोल्हापुरात, १८६३ मध्ये जन्मला. पुढं कुटुंब अमेरिकेत प्रिन्स्टनला गेलं. तिथं हा मुलगा आणि त्याची बहीण ग्रेस रोज एकत्र प्रार्थना करत: हजार विद्यार्थी मिशनरी म्हणून परदेशी सेवेला निघावेत. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्याच माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात शंभर जणांनी तशी तयारी दाखवली आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. दिवसाचं काम सुरू होण्याआधी एकट्यानं शास्त्र आणि प्रार्थनेत बसायचं, या सवयीचा या चळवळीनं फार आग्रह धरला. म्हणजे पहाटेच्या एकांताचा हा प्रसार करणाऱ्यांत एक गडी आपल्या गावचा होता.

अर्थात, रोज वाचायचं तर हातात मराठी पुस्तक हवं. बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरींनी बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि येशूच्या काळापासूनचा भाग, म्हणजे नवा करार, १८११ मध्ये मराठीत छापला. ती मराठी आज वाचवत नाही, पण सुरुवात तिथून झाली. गाण्यांचं दुखणं जास्त काळ चाललं. इंग्रजी चालीत ओढूनताणून बसवलेले शब्द आजीच्या पिढीच्या तोंडी कधी नीट रुळले नसते. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग-ओवीच्या वळणाची गीतं लिहिली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातली त्यांची गीतं आमच्या घरात पेटीशिवायही उठायची. टाळ्या वाजवल्या तरी भागायचं. शेजारचा हरिपाठ आणि आमचं गीत एकाच वेळी चालू असलं तर भिंतीपलीकडून कोण काय गातंय ते क्षणभर कळायचं नाही.

आता सकाळी मोबाइलवर 'आजचं वचन' येतं. त्यालाही नवं म्हणता येत नाही. जर्मनीतले मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाचे लोक १७३१ पासून दर वर्षी रोजच्या वचनांचं पुस्तक छापत आले आहेत.

आजीचं शास्त्र माझ्याकडे आहे. खाकी कागदाचं कव्हर, कडेला तेलकट बोटांचे ठसे. स्तोत्र १२१ च्या पानात कोल्हापूर-मिरज एसटीचं तिकीट अजून तसंच आहे. आजोबा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी पडून होते, तेव्हाचं. समासात शिसपेन्सिलीनं तारखा लिहिल्यात, एकाखाली एक, सलग अकरा. बाराव्या दिवशी आजोबा घरी आले, आणि आजी पुढच्या स्तोत्रावर गेली.