बडोद्यातील कोश व नियतकालिके

बडोदे (आताचे वडोदरा) येथे तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत (१८७५–१९३९) आणि त्यानंतरच्या दशकभरात निघालेले मराठी, गुजराती व बहुभाषी कोश, ग्रंथमाला आणि नियतकालिके. पुण्या-मुंबईकडे कोश काढायचा तर भांडवल व वर्गणीदार आधी उभे करावे लागत. डॉ. श्री. व्यं. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी (२३ खंड, १९२०–२७) लिमिटेड कंपनी काढावी लागली होती. बडोद्यात बराचसा खर्च दरबार करी. त्यामुळे येथले कोश वाचकाच्या मागणीपेक्षा कचेरी, शाळा आणि आखाडा यांच्या गरजेतून घडले.

परिभाषेचे पहिले मोठे काम रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे जाते. देशी भाषांत शास्त्रीय पुस्तके व संज्ञा तयार करण्यासाठी दरबारने त्यांना ५०,००० रुपये मंजूर केले आणि त्यातून ‘ज्ञानमंजूषा’ ही माला सुरू झाली. १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली. रंगाईच्या धंद्यासाठी गज्जरांनी ‘रंगरहस्य’ हे त्रैमासिकही चालवले. १९१२ साली बडोद्यात गुजराती साहित्य परिषद भरली, तेव्हा महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढले. मूळ रकमेला हात न लावता नुसत्या व्याजावर ‘श्री सयाजी साहित्यमाला’ व ‘बालज्ञानमाला’ चालल्या. संस्कृत ग्रंथांसाठी ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’ वेगळी होती. तिचा पहिला ग्रंथ राजशेखराची काव्यमीमांसा (१९१६).

नियतकालिकांत ‘लायब्ररी मिसेलनी’ (१९१२–१९) महत्त्वाचे आहे. अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन १९१० मध्ये बडोद्यात आले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगावच्या फिरत्या पुस्तकपेट्या यांची घडी बसवली. त्या व्यवस्थेचे हे मुखपत्र होते. ज. स. कुडाळकर संपादक असलेल्या या पत्रात इंग्रजी, मराठी व गुजराती असे तीन विभाग असत. भारतातील पहिले ग्रंथालयविषयक नियतकालिक म्हणून त्याचा उल्लेख होतो आणि तो मानण्यास हरकत नाही.

‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ (१९३१) हा राज्यकारभाराच्या संज्ञांचा कोश. इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू व फार्सी प्रतिशब्द त्यात एकत्र आणले आहेत. शीर्षशब्द रोमन वर्णक्रमाने लावल्यामुळे देशी कोशकारांना छळणारा एक प्रश्न या कोशाला टाळता आला. तो प्रश्न अनुस्वाराच्या जागेचा.

मराठी कोशात अनुस्वार तीन तऱ्हांनी लावता येतो. पहिल्या तऱ्हेत ‘अं’ हा ‘औ’नंतरचा धरतात. मग कडे, कमळ, कौल, कंप असा क्रम लागतो. दुसरीत अनुस्वारयुक्त अक्षर सर्वांच्या आधी येते: कंप, कडे, कमळ, कौल. तिसरीत अनुस्वार पुढच्या व्यंजनाच्या वर्गातले अनुनासिक मानतात. ‘कंप’ म्हणजे ‘कम्प’, म्हणून कडे, कमळ, कंप, कौल. उच्चाराच्या दृष्टीने तिसरी तऱ्हा शुद्ध. परंतु ‘संशय’, ‘संहिता’ अशा शब्दांत पुढे वर्गीय (क-वर्ग ते प-वर्गातले) व्यंजन नसते, तेथे ती अडते आणि वेगळा नियम करावा लागतो. कोशाच्या शब्दांच्या चिठ्ठ्या (एका चिठ्ठीवर एक शब्द) क्रमाने लावणारे दोन कारकून दोन वेगळ्या पद्धती शिकून आलेले असले, की एकाच खंडात दोन पद्धती शिरतात. शब्द कोशात आहे पण सापडत नाही, ही तक्रार पुष्कळदा याच घोळातून येते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचेही तसेच. ते ‘क’ व ‘ज’च्या जोडाक्षरांत घालायचे की ‘ळ’नंतर अखेरीस, हे पहिली चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ठरले पाहिजे. व्यवहारात दुसरी तऱ्हा सर्वांत सोपी, कारण तिला व्याकरण लागत नाही.

खिळ्यांच्या छपाईची अडचण निराळी. छापखान्याकडे टाइप मोजका असे. एका फर्म्याची, म्हणजे एकदम छापायची, आठ किंवा सोळा पाने जुळवून छापली, की खिळे सोडून पुन्हा टाइपाच्या खणांत (‘केस’मध्ये) टाकत आणि पुढचा फर्मा जुळवत. छापून गेलेल्या पानात मग दुरुस्ती शक्य नसे. उरे ते शुद्धिपत्र. याच कारणाने कोशातले परस्परनिर्देश पृष्ठांकाने न देता ‘पहा : अमुक’ असे शीर्षशब्दाने देतात, कारण पुढचे पान कोणत्या अंकावर पडेल हे खिळे जुळवणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्यातही ‘पहा’ म्हणून वचन दिलेली नोंद पुढच्या खंडात गळाली, तर निर्देश आंधळा राहतो. वरच्या मात्रा वेगळ्या खिळ्याच्या असल्या, तर छापताना त्या उडतात. ‘कोश’मधली मात्रा उडाली की उरतो ‘काश’. शीर्षशब्दात असे झाले म्हणजे क्रमच चुकल्यासारखा दिसतो.

‘व्यायाम ज्ञानकोश’ (१० खंड, १९३६–४९) हे बडोद्याचे सर्वांत मोठे मराठी कोशकार्य. संपादक द. चिं. मुजुमदार ‘व्यायाम’ मासिकही चालवीत. कोश अकारविल्हे न लावता विषयवार केला, ही निवड योग्य म्हणावी लागेल. अकारविल्हे कोशात ‘अ’च्या नोंदी उशिरा आल्या तर सगळे काम खोळंबते, येथे जो विषय तयार झाला तो खंड बाहेर पडू शकतो. शिवाय डाव, पवित्रे आणि पकडी मासिकासारख्या क्रमाने, चित्रांसह, एकापुढे एक दाखवता येतात. किंमत मात्र मोजावी लागते: अकारविल्हे क्रम नसल्याने एखादा शब्द शोधायला सूचीवरच विसंबावे लागते. व्यायामशिक्षक माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरामुळे शहरात आखाड्याची परिभाषा रुळलेली होती. सांघिक कवायतीचे देशी हुकूम बसवण्याचे श्रेयही माणिकरावांना देतात.

मल्लखांबाच्या उगमाविषयी एक मत दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांकडे जाते. त्यांनी तो पुन्हा प्रचारात आणला एवढेच धरणे अधिक सुरक्षित. कारण मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्ल या पहिलवान ज्ञातीच्या मल्लपुराणात ‘स्तंभश्रम’ हा खांबावरचा व्यायाम सांगितला आहे. त्याचे हस्तलिखित सतराव्या शतकातले असून रचना त्याआधीची मानतात. मल्लपुराणाची छापील आवृत्ती (संपादक भोगीलाल सांडेसरा व र. ना. मेहता) याच बडोद्याच्या ओरिएंटल सिरीजमध्ये निघाली, पण १९६४ साली. व्यायाम ज्ञानकोशाचा शेवटचा खंड तेव्हा पंधरा वर्षांचा झाला होता. मुजुमदारांच्या कामाचा एकखंडी इंग्रजी ग्रंथ १९५० मध्ये आला.

दरबाराच्या आश्रयाबाहेर दा. सा. यंदे यांची ‘बडोदावत्सल’ व ‘सयाजीविजय’ ही पत्रे आणि पु. आ. चित्रे व विमल चित्रे यांचे ‘अभिरुची’ (१९४३ पासून) उल्लेखनीय आहेत. पु. ल. देशपांड्यांचे सुरुवातीचे लेखन ‘अभिरुची’त आले.