मिनिएचर वॉरगेमिंग : खेळाडूंची बदलती दृष्टी

धातूच्या अथवा प्लॅस्टिकच्या छोट्या सैनिक-प्रतिमा टेबलावर उभारलेल्या कृत्रिम भूप्रदेशात फूटपट्टीने अंतर मोजून हलवायच्या आणि चकमकींचा निकाल फासे टाकून लावायचा, असा हा छंद मुख्यतः ब्रिटन व अमेरिकेत वाढला. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडतात तशी नुसती मांडणी येथे अभिप्रेत नाही. प्रतिस्पर्धी आणि आधी ठरलेले नियम असल्याखेरीज तिला युद्धखेळ म्हणता येत नाही. आपण करतो तो लष्करी इतिहासाचा अभ्यास, रंगकामाची कला, स्पर्धा की निव्वळ करमणूक, याविषयी खेळाडूंचे मत गेल्या शतकभरात अनेकदा पालटले.

छंदाचा उगम कोठे मानावा यावर एकमत नाही, आणि या वादातही खेळाविषयीच्या भूमिकाच उमटतात. एक परंपरा उगम प्रशिया आणि तिच्या शेजारची तत्कालीन जर्मन राज्ये यांत शोधते. ब्रन्सविकचे गणितज्ञ योहान हेल्विग यांनी १७८० च्या सुमारास बुद्धिबळाचा पट वाढवून १,६१७ घरांचा युद्धपट तयार केला. घरांना भूप्रदेशाचे रंग दिले आणि सोंगट्यांना पायदळ, घोडदळ व तोफखाना अशी रूपे दिली. पुढे गेओर्ग फोन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याच्यासाठी घरांऐवजी उंचसखल भूप्रदेशाचे तुकडे जुळवता येतील असे टेबल सिद्ध केले. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये छापलेल्या नियमांत १:८,००० प्रमाणाचे नकाशे, दोन मिनिटांची एक चाल, फासे आणि दोन्ही बाजूंचे हुकूम गुप्तपणे स्वीकारणारा पंच, अशी व्यवस्था होती. म्यूफलिंग या सेनाधिकाऱ्याच्या शिफारशीने ‘क्रीग्सश्पील’ (जर्मनमध्ये ‘युद्धखेळ’) प्रशियाच्या सैन्यात शिरला. नियमांच्या जंजाळाला अधिकारी कंटाळले, तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्यांनी बरेचसे निर्णय पंचाच्या अनुभवावर सोपवण्याचा पुरस्कार केला. नियमाने बांधलेला खेळ बरा की पंचाच्या तारतम्याने चालणारा, हा तंटा पुढे छंदातही जसाच्या तसा आला.

दुसरी परंपरा खेळण्यातल्या शिपायांपासून सुरू होते. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि त्यांचा सावत्र मुलगा लॉइड ऑसबर्न हे १८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे माळ्याच्या जमिनीवर खडूने नकाशा आखून कथिलाच्या शिपायांची युद्धे लढवीत. त्याचे वर्णन ऑसबर्न यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केले. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून पोकळ ओतकामाचे स्वस्त शिपाई बाजारात आणले आणि इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी त्यांवर बेतलेले नियम १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात दिले. वेल्स यांच्या खेळात तोफेच्या माऱ्यासाठी फासे नव्हते. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडाची बोटाच्या पेराएवढी नळकांडी नेम धरून सोडायची आणि तिच्या धक्क्याने आडवा झालेला शिपाई मेला असे धरायचे, अशी रीत होती. लष्करात चालणारा युद्धखेळ कंटाळवाणा असल्याचे त्यांनी परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध केव्हाही बरे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

प्रशियाच्या खेळात माणसांच्या प्रतिमा नव्हत्या, पलटणीच्या जागी आयताकृती ठोकळे होते. शिवाय १९५० नंतरच्या छंदिष्टांनी आरंभ केला तो खेळण्यातल्या शिपायांपासून. म्हणून वेल्स यांच्याकडून आलेली वाट छंदाच्या प्रत्यक्ष इतिहासाला अधिक जवळची वाटते. मात्र ‘हा पोरखेळ नव्हे’ असे सांगण्याची निकड असलेल्या पिढीला प्रशियाचा वारसा सोयीचा होता, हेही ध्यानात घ्यावे लागते.

ही निकड युद्धोत्तर काळात दिसते. अमेरिकेत जॅक स्क्रबी यांनी १९५७ मध्ये ‘वॉर गेम डायजेस्ट’ हे नियतकालिक काढले. इंग्लंडमध्ये डोनल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ १९६२ मध्ये आले. फेदरस्टोन दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात होते, पण त्यांचे नियम सुटसुटीत होते व मौजेला त्यांत मज्जाव नव्हता. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या स्वस्त प्लॅस्टिक शिपायांमुळे शाळकरी मुलांनाही सेना उभारणे परवडू लागले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने प्राचीन युद्धांसाठी केलेल्या नियमांत शस्त्र, कवच, मनोधैर्य व थकवा यांचे तक्ते आले, आणि गणवेशाच्या गुंड्यांच्या रंगावरून हुज्जत घालणारा खेळाडू ही छंदातली ओळखीची व्यक्तिरेखा बनली. वास्तवाचा हा आग्रह १९७० च्या दशकात शिगेला पोहोचलेला दिसतो. त्याच गटातील फिल बार्कर यांनी १९९० मध्ये अवघ्या बारा तुकड्यांच्या सेनेचा, तासाभरात आटोपणारा ‘डीबीए’ (‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’) हा खेळ दिला, यावरून वारे कोणत्या दिशेने फिरले ते कळते.

दरम्यान कल्पनारम्य खेळाने छंदाचा तोंडवळाच बदलला. १९७१ च्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन नियमांना जोडलेल्या पुरवणीत जादूगार व ड्रॅगन आले, आणि त्यातूनच १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे वठवण्याचा खेळ निघाला. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीचा जादूच्या सृष्टीतला ‘वॉरहॅमर’ हा युद्धखेळ १९८३ मध्ये व दूरच्या भविष्यातला ‘वॉरहॅमर ४०,०००’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. इतिहासवादी खेळाडूंनी आरंभी याची हेटाळणी केली. पण नवे खेळाडू बहुतेक याच दारातून येऊ लागल्यावर तो सूर मवाळ झाला. कंपनीने २०१५ मध्ये ‘वॉरहॅमर’ची जुनी सृष्टी मोडीत काढून गुणांकनाविना (प्रत्येक तुकडीला ताकदीनुसार दिलेल्या गुणांविना) खेळायचा नवा खेळ आणला, तेव्हा दोन्ही सेना तुल्यबळ कशा ठरवायच्या हा खेळाडूंचा पहिला सवाल होता. पुढल्याच वर्षी गुणपद्धती परत आली, आणि जुन्या सृष्टीचेही २०२४ मध्ये पुनरागमन झाले. मुक्त खेळाची भाषा सर्वांना आवडते, प्रत्यक्षात बहुतेकांना तोललेली लढत हवी असते.

रंगकामाबाबतची शिस्तही अशीच हेलकावत राहिली. २८ मिमी. उंचीच्या प्रतिमेला अस्तराचा रंग, त्यावर मूळ रंग, खाचांत उतरणारा पातळ गडद हात आणि कडांवर कोरड्या कुंचल्याची उजळ रेघ, असे किमान चार हात द्यावे लागतात. शंभर प्रतिमांच्या सेनेत महिने जातात. बिनरंगी सेना टेबलावर आणणे जुन्या क्लबांत अशिष्ट समजले जाई. ‘वॉरहॅमर ४०,०००’ च्या २०२० च्या नियमांत शंभरपैकी दहा गुण रंगवलेल्या सेनेलाच ठेवले गेल्यावर, हा शिष्टाचार आहे की खेळाचे कौशल्य, असा वाद पेटला. घरगुती त्रिमितीय छपाईयंत्रांनी आता प्रतिमा विकत घेण्याचीच अट सैल केली आहे.

नैतिक प्रश्न तुलनेने उशिरा पुढे आले. एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या तुकड्यांच्या प्रतिमा केवळ ‘चांगली सेना’ म्हणून रंगवाव्यात काय, यावर मतभेद आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये गेम्स वर्कशॉपने आपल्या खेळातील मानवी साम्राज्य हे विडंबन असून द्वेषमूलक चिन्हांना आपल्या स्पर्धांत थारा नसल्याचे जाहीर केले. वसाहतकालीन युद्धांच्या नियमांत ‘नेटिव’ सेना म्हणजे बेशिस्त झुंड, ही धारणा बराच काळ रूढ होती. भारतातील लढायांना ती लावणे इतिहासालाच धरून नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंद्यांच्या कवायती पलटणींनी व तोफखान्याने ब्रिटिश सेनापती आर्थर वेल्स्लीच्या फौजेची दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी केली होती. ही लढाई टेबलावर मांडताना त्या पलटणींना युरोपीय पायदळाच्या बरोबरीचे गुण देणेच योग्य ठरते.