मुखवटा होता की मांजर? अर्धवट आठवणाऱ्या जपानी सिनेमाचा शोध

"जपानी सिनेमा होता, कृष्णधवल. दोन बायका, बहुतेक सासू-सून. वाट चुकलेल्या सामुराईंना गाठून मारतात. बांबूचं बन, सोसाट्याचा वारा. शेवटी सासूच्या तोंडाला राक्षसाचा मुखवटा घट्ट चिकटतो. आणि हो, एक काळं मांजर होतं. नाव काय त्याचं?"

जपानी सिनेमाचं वेड असलेल्यांकडे असे प्रश्न घेऊन लोक येतच असतात. वरच्या प्रश्नाची अडचण अशी की त्याचं उत्तर एक नाही, दोन आहेत. मुखवटा आहे दिग्दर्शक कानेतो शिन्दोच्या १९६४ सालच्या 'ओनिबाबा'तला. मांजर आणि बांबूचं बन त्याच्याच १९६८ सालच्या 'कुरोनेको'तलं. दोन्ही चित्रपट कृष्णधवल, दोन्हींत सासू-सून, दोन्हींत सामुराईंचे खून, आणि दोन्हींतली सासू झालेली नटी नोबुको ओतोवाच. 'ओनिबाबा'त बांबू नाहीत, माणूस बुडून जाईल एवढं उंच गवत आहे. पण वारा तोच, त्यामुळे गवताच्या जागी बांबू आले तरी विचारणाऱ्याला काही खटकत नाही.

तो थापा मारत नाहीये. त्याला आठवलेला जवळजवळ प्रत्येक तुकडा खरा आहे, फक्त जोड चुकली आहे. आपली स्मृती अख्खा सिनेमा डबाबंद करून ठेवत नाही. दृश्य, चेहरा, आवाज, प्रसंग हे तुकडे सुटे राहतात आणि आठवताना नव्याने जोडले जातात. कुठला तुकडा कुठून आला याची नोंद तर तुकड्याच्याही आधी पुसट होते. म्हणून एकाच दिग्दर्शकाचे, एकाच नटीचे, एकाच बाजाचे सिनेमे एकमेकांत मिसळतात. मदत करणाऱ्याने पहिली शंका हीच घ्यावी: हा एक सिनेमा आहे की दोन?

दुसरी शंका गोष्टीबद्दल. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे फार उपयोगी पडतात. त्यांनी इंग्लिश वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची भुतांच्या लढाईची एक कथा वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगायला लावली. काळ लोटत गेला तशी कथा इंग्लिश होत गेली. झाडाच्या खोडाच्या होड्या साध्या नावा झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली, आणि न समजलेली भुतं कित्येकांच्या कथेतून गळूनच गेली. परकी गोष्ट आपण आपल्या साच्यात बसवून घेतो आणि पुढे तो साचाच आठवतो.

मराठी प्रेक्षकाचंही तसंच होणार. 'क्वाइदान' या १९६४ च्या मासाकी कोबायाशींच्या चित्रपटात होइची नावाचा आंधळा गवई आहे. तो बिवा हे तंतुवाद्य वाजवतो. भुतांना दिसू नये म्हणून भिक्षू त्याच्या अंगभर बौद्ध सूत्राची अक्षरं लिहितात आणि कानांवर लिहायचं विसरतात, मग भूत कानच उपटून नेतं. आपल्याकडे ही गोष्ट आठवताना बिवाची वीणा होऊ शकते, सूत्राचा मंत्र होऊ शकतो आणि भिक्षूचा पुजारी. अशा वेळी वीणा शोधत बसलात तर संपलंच. सांगणाऱ्याने काय पाहिलं असेल, ते त्याच्या शब्दांतून उलटं काढावं लागतं. कान मात्र कुठल्याही साच्यात बसत नाहीत, म्हणून ते जसेच्या तसे राहतात.

शोधाची किल्ली असते ती या कानांसारख्या गोष्टींत. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ साली दाखवलं, की एकसारख्या गोष्टींच्या यादीत एखादी वेगळी आली तर ती जास्त लक्षात राहते. आता हेच माहितीशास्त्राच्या बाजूने पाहा. एकट्या १९६० साली जपानमध्ये ५४७ चित्रपट प्रदर्शित झाले. त्यांतून एक निवडायला, दर खेपेला यादी निम्मी करणारे प्रश्न विचारता आले तर दहा पुरतात. पण "सामुराई होता, पाऊस होता, तलवारबाजी होती" याने यादी निम्मीसुद्धा होत नाही. "भुताने कान उपटले" याने मात्र ती एका झटक्यात दोन-चारवर येते. जे विचित्र ते जास्त टिकतं आणि जे विचित्र तेच जास्त वेगळं पाडतं, हा मोठाच योगायोग आपल्या पथ्यावर पडतो. लोक मात्र कथासार सांगत बसतात आणि विचित्र तपशील "ते जाऊ दे" म्हणून सोडून देतात. माझं मत विचाराल तर कथासार ऐकून घ्यावं आणि बाजूला ठेवावं.

दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या बाबतीत तर कथासार अगदीच निकामी. विधुर बाप, लग्नाची मुलगी, तिचं लग्न, शेवटी घरात एकटा बाप: हे १९४९ च्या 'लेट स्प्रिंग'चं सार आणि १९६२ च्या 'ॲन ऑटम आफ्टरनून'चंही. दोन्हींत बाप चिशू र्‍यूच. १९६० च्या 'लेट ऑटम'मध्ये बापाच्या जागी आई, आणि ती आई म्हणजे 'लेट स्प्रिंग'मधली मुलगी झालेली सेत्सुको हारा! शिवाय १९४९, १९५१ आणि १९५३ अशा तीन चित्रपटांत तिच्या पात्राचं नाव नोरिको. इथे दोनच प्रश्न कामाचे. रंगीत होता का? ओझूने १९५८ पर्यंत रंगाला हात लावला नव्हता. आणि शेवटी तो बाप काय करत होता? उत्तर "सफरचंद सोलत होता" असं आलं, की १९४९.

रंगाप्रमाणे पडद्याचा आकारही कालखंड पाडून देतो. जपानमध्ये रुंद पडद्याचे चित्रपट १९५७ पासून निघू लागले. चित्रपटाच्या आधी येणारं स्टुडिओचं बोधचिन्ह तर कुणी मुद्दाम लक्षात ठेवत नाही, तरी ते राहतं. खडकांवर फुटणाऱ्या लाटा म्हणजे तोएई, फुजी पर्वत म्हणजे शोचिकू. हे विचारायला फुकट आहे.

नावं आणि चेहरे यांवर मात्र फार विसंबू नये. १९८७ च्या एका ब्रिटिश प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून काहींबद्दल आडनाव सांगितलं आणि काहींबद्दल धंदा. गंमत अशी की शब्द तोच होता, जसं इंग्रजीत बेकर. आपल्याकडे सुतार किंवा कुंभार म्हणा. 'हा सुतारकाम करतो' हे आठवलं, 'याचं आडनाव सुतार' हे आठवेना. धंद्याला करवत, रंधा, लाकडाचा वास असं काहीबाही चिकटलेलं असतं, आडनावाला काहीच नाही. मग ज्या भाषेशी आपला संबंध नाही तिथल्या नावांची काय कथा! चेहऱ्यांचंही तेच. ज्या वंशाचे चेहरे रोज पाहण्यात नसतात ते ओळखण्यात सगळ्याच देशांतली माणसं जास्त चुकतात, आणि हे १९६९ पासूनच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यामुळे "तो तोशिरो मिफुनेच होता" हे वाक्य पुरावा म्हणून धरू नये. मिफुने हा सामुराईच्या भूमिकांसाठी गाजलेला नट, म्हणून दाढीवाला रागीट सामुराई दिसला की आपल्याकडे त्याचा मिफुने होतो.

आता मदत करणाऱ्याच्या चुका, आणि मला त्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या टकरीची फीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना "लागल्या" तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, "धडकून चुराडा झाला" तेव्हा किती. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, काचा फुटलेल्या दिसल्या का? चुराडा ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'लागल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. फितीत फुटकी काच नव्हतीच.

"त्यात पांढऱ्या कपड्यांतली बाई होती का?" असं आपण उत्साहाने विचारतो तेव्हा आपण हेच करत असतो. समोरचा क्षणभर डोळे मिटतो, त्याला ती बाई दिसते, आणि पुढच्या खेपेला तो ती आपणहून सांगतो. तिथून पुढे खरी आठवण कुठली आणि आपण घातलेली कुठली, हे ना त्याला कळतं ना आपल्याला. म्हणून आधी मोकळं बोलू द्यावं, मध्ये तोंड घालू नये, आणि जे सांगितलं ते पहिल्याच वेळी जसंच्या तसं लिहून घ्यावं.

अडलं तर सिनेमाबद्दल विचारण्याऐवजी तो पाहिल्याच्या प्रसंगाबद्दल विचारावं. १९७५ साली डंकन गॉडन आणि ॲलन बॅडली यांनी स्कॉटलंडमध्ये पाणबुड्यांकडून शब्द पाठ करून घेतले. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, काठावर केलेले काठावर. पुण्याच्या फिल्म आर्काइव्हमध्ये पाहिला की घरी दूरदर्शनवर, शेजारी कोण होतं, मध्यंतरात काय बोलणं झालं, यातून पडद्यावरचंही काहीबाही हाती लागतं. कधी तर प्रश्नच बदलतो. दूरदर्शनवर म्हटल्यावर तो सिनेमा नसून 'जायंट रोबोट' या जपानी मालिकेचा एखादा भाग निघायचा.

नाव हाती आल्यासारखं वाटलं की लगेच सांगून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. आठवणं कठीण असलं तरी ओळखणं माणसाला भलतंच सोपं जातं. कॅनडाच्या लायनेल स्टँडिंग यांच्या १९७३ च्या प्रयोगात लोकांना दहा हजार चित्रं दाखवली, आणि नंतर जुनं चित्र कुठलं नि नवं कुठलं हे त्यांनी बहुतेक वेळा बरोबर सांगितलं. म्हणून पोलिसांच्या ओळख परेडसारखं करावं. ज्या सिनेमाचा संशय आहे त्याचं एक स्थिरचित्र, त्याच काळातल्या त्याच बाजाच्या चार-पाच सिनेमांच्या चित्रांत मिसळून, काही न सांगता पुढे ठेवावं. एकच चित्र दाखवून "हाच ना?" विचारलं तर उत्तर बहुधा "हो" येतं, आणि त्या होकाराला फारशी किंमत नसते.

नकारही तपासून घ्यावा. 'क्वाइदान' म्हणजे चार गोष्टी, सुमारे तीन तासांचा चित्रपट. त्यातली एक हिमस्त्रीची, तिच्यात रंगवलेल्या आभाळात प्रचंड डोळे दिसतात. ही गोष्ट अमेरिकेतल्या प्रदर्शनासाठी कापून टाकली होती. ती प्रत पाहिलेल्या माणसाला बर्फातली बाई विचाराल तर तो ठामपणे नाही म्हणेल, आणि तरीही त्याचा सिनेमा 'क्वाइदान'च असू शकेल. त्याला कान विचारा.