थिनरची बाटली आणि तेवीस अंश

धुळ्याहून पुण्याला दहा मिलीच्या लॅकर रंगाच्या सहा बाटल्या पाठवायच्या असतील तर त्या जातील की नाही, हे कायद्यापेक्षा काउंटरवरच्या माणसावर जास्त ठरतं. 'यामा काय शे, भाऊ?' असं विचारल्यावर 'रंग' म्हटलं की पार्सल परत सरकवलं जातं. 'मॉडेलचं सामान' म्हटलं की पावती फाटते. त्यामुळे स्केल मॉडेलवाले, बुलेटची टाकी घरीच रंगवणारे, एअरब्रश वापरणारे मूर्तिकार या सगळ्यांत एक समज घट्ट बसलाय, की पेट घेणारा रंग पार्सलने पाठवणं बेकायदाच आहे. तसं सरसकट नाही. काही वाटांवर पूर्ण मनाई आहे, काहींवर मापाची मर्यादा आहे, आणि उरलेली मनाई वाहतूक कंपन्यांनी स्वतःच्या सोयीने घातलेली आहे. तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा मिसळल्या ते पाहायचं तर फ्लॅशपॉइंटपासून सुरुवात करावी लागते, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगी लागताच भडकू शकते त्या तापमानापासून.

आज जगभर पातळ रंगांची विभागणी २३ अंश सेल्सिअसवर होते. ज्याचा फ्लॅशपॉइंट त्याखाली तो रंग पॅकिंग ग्रुप (धोक्याची पायरी) दोनमध्ये, २३ ते ६० मधला ग्रुप तीनमध्ये. ही रेघ मुळात रंगांसाठी नव्हतीच, ती दिव्यातल्या रॉकेलसाठी होती. ब्रिटनने १८७९ मध्ये झाकणबंद भांड्यातली चाचणी कायद्यात आणली आणि मर्यादा ठेवली ७३ फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ २३ सेल्सिअस. दिव्यांचे भडके उडून माणसं मरत होती, म्हणून ती शंभर फॅरनहाइटपर्यंत वाढवा अशी मागणी जोरात झाली. संसदेत ती १८९९ मध्ये पडली. हलकं, स्वस्त तेल विकणाऱ्यांना जुनी रेघ सोयीची होती, असा आरोप तेव्हाही झाला होता. आपल्याकडे १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने 'धोकादायक' पेट्रोलियमची मर्यादा ७६ फॅरनहाइट धरली. १९७० च्या दुरुस्तीत अ, ब, क असे वर्ग आले : २३ सेल्सिअसच्या खाली अ, २३ ते ६५ ब, ६५ ते ९३ क.

आता ही रेघ खानदेशात आणून पाहा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि पत्र्याच्या बंद ट्रकमध्ये त्याहून वर. टोल्युईन असलेल्या थिनरचा फ्लॅशपॉइंट चार अंशांच्या आसपास, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बारा. हे तर बाराही महिने रेघेखालीच. पण इनॅमल रंग ज्यात कालवतात त्या मिनरल टर्पेंटाइनचा तीस ते चाळीसच्या दरम्यान असतो. कागदावर तो ग्रुप तीन, म्हणजे कमी धोक्याचा. धुळ्याच्या बायपासवर दुपारी दोन वाजता उभ्या असलेल्या गाडीत तोही आपला फ्लॅशपॉइंट ओलांडून बसलेला असतो. ठिणगीशिवाय काही पेटत नाही हे खरं. पण वाफ तयार असते. लंडनच्या हवेत दोन गटांत जो फरक पडतो, तो इथे एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत फारसा उरत नाही. स्प्रेच्या डब्यावर तर छापलेलंच असतं की ५० अंशांवर तापू देऊ नका.

सगळ्यात मोठा गुंता मात्र १९३४ च्या कायद्यातल्या व्याख्येचा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्या कायद्यानुसार पेट्रोलियम म्हणजे कोणताही द्रव हायड्रोकार्बन, हायड्रोकार्बनचं मिश्रण आणि द्रव हायड्रोकार्बन असलेलं कोणतंही ज्वालाग्राही मिश्रण. मग ते पातळ असो, दाट असो की घट्ट. शब्दशः वाचलं तर टोल्युईन किंवा झायलीन असलेलं थिनर हे पेट्रोलियम. त्या थिनरमध्ये कालवलेला लॅकर रंगही पेट्रोलियम. उलट मॉडेलवाल्यांचा लाडका जपानी 'ॲक्रिलिक' रंग, ज्यात पाण्याबरोबर अल्कोहोल असतं, तो पेट घेत असूनही या व्याख्येत बसत नाही, कारण अल्कोहोल हायड्रोकार्बन नव्हे. म्हणजे शेजारी ठेवलेल्या, पेट घेणाऱ्या दोन बाटल्यांपैकी एक या कायद्यात आणि दुसरी बाहेर.

याच कायद्यात छोट्या मापासाठी सूट आहे. अ वर्गाचा माल विक्रीसाठी नसेल आणि एकूण ३० लिटरच्या आत असेल, तर तो ठेवायला किंवा न्यायला परवाना लागत नाही. ब वर्गाला तर २,५०० लिटरपर्यंत सूट आहे, फक्त एकेक भांडं १,००० लिटरच्या वर नको. वाचून हौशी माणसाचा जीव भांड्यात पडतो. पण अ वर्गाच्या सुटीला दोन अटी चिकटलेल्या आहेत. पहिली 'विक्रीसाठी नसेल' ही. स्वतःसाठी बाटली आणणारा सुटला. तीच बाटली पार्सलने विकणारा दुकानदार सुटला का? दुसरी अट भांड्याची : घट्ट बुचाची काच, चिनी माती किंवा धातू, त्यातही काच आणि चिनी माती एक लिटरपर्यंत, धातू पंचवीस लिटरपर्यंत. प्लास्टिकचं नाव यादीत नाही. आणि हौशी थिनर आज बहुतेक येतं ते प्लास्टिकच्या बाटलीत.

याची दोन वाचनं होतात. पहिलं म्हणजे कायदा रॉकेल-पेट्रोलच्या डब्यांसाठी लिहिला, रंगाच्या कुपीला तो लावणं हा शब्दांचा खेळ आहे; शिवाय एखाद्या पेट्रोलियमला अधिसूचनेने सूट द्यायचा अधिकार सरकारला त्याच कायद्याने दिलाय. दुसरं म्हणजे व्याख्येत 'दाट' आणि 'घट्ट' हे शब्द मुद्दाम घातले गेले, ते रॉकेलसाठी नक्कीच नव्हेत. मला दुसरं वाचन कायद्याच्या भाषेशी जास्त इमानी वाटतं आणि पहिलं व्यवहाराशी. जळगावच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लिटरवर मिळतं आणि फर्निचरवाले ते स्कूटरला अडकवून नेतात. तिथे हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो निघतो दहा मिलीच्या बाटलीवर पत्ता चिकटला की.

रेल्वे आणि टपाल यांचा इतिहास त्यामानाने सरळ आहे. भुसावळला गाडी १८६० च्या दशकात आली. पुढे भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींमुळे धोक्याचा माल कसा चढवायचा याची शिस्त या पट्ट्याला परकी राहिली नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात परवानगीशिवाय धोकादायक माल आणला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा आज गमतीचा वाटतो, कैदेचा नाही. टपालाच्या १८९८ च्या कायद्यात स्फोटक, धोकादायक आणि घाणेरड्या वस्तूंसोबत न गुंडाळलेली धारदार हत्यारं आणि अपायकारक जीवही एकाच कलमात बसवले होते. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा आला आणि जून २०२४ मध्ये लागू झाला, तरी टपालातून पेटता रंग पाठवायची सोय काही झाली नाही. स्पीड पोस्टचा विषय इथेच संपतो.

हवेतली गोष्ट वेगळी. धोकादायक मालाला क्रमांक आणि वर्ग देण्याची संयुक्त राष्ट्रांची शिफारस १९५६ ची. त्यात रंग आणि थिनर यूएन १२६३, वर्ग तीन (पेट घेणारे द्रव). स्प्रे यूएन १९५०, वर्ग दोन (वायू). विमान कंपन्यांनी आपली नियमावली त्याच वर्षी काढली, पण तिला धार आली अपघातानंतर. नोव्हेंबर १९७३ मध्ये बोस्टनला एक मालवाहू विमान कोसळलं, तिघांचा जीव गेला. नायट्रिक ॲसिडच्या बाटल्या लाकडाच्या भुशात भरलेल्या होत्या आणि खोके आडवे ठेवलेले होते. १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय तांत्रिक सूचना बंधनकारक झाल्या, भारताने हवाई वाहतुकीसाठी २००३ मध्ये स्वतंत्र नियम केले. आज एक्स-रेवर बाटली दिसली की पार्सल बाजूला पडतं, त्याचं मूळ इथे आहे.

पण याच सूचनांत छोट्या मापाच्या दोन वाटा आहेत. एक 'लिमिटेड क्वांटिटी', म्हणजे मर्यादित माप. रस्त्याने जाताना आंतरराष्ट्रीय नियमांत आतली बाटली ५ लिटरपर्यंत, खोकं ३० किलोपर्यंत; हवेत ग्रुप दोनचा रंग अख्ख्या पॅकेटमागे १ लिटर. खोक्यावर वरची आणि खालची टोकं काळी असलेला चौकोन, विमानासाठी मधे इंग्रजी वाय हे अक्षर. त्यावर समजेल असा शब्द एकही नाही, त्यामुळे काउंटरवरच्या पोराला ते कुठल्या तरी कंपनीचं चिन्ह वाटतं. दुसरी वाट 'एक्सेप्टेड क्वांटिटी', म्हणजे बहुतेक नियमांतून वगळलेलं छोटं माप. आतली बाटली ३० मिलीपर्यंत. ग्रुप दोनचं अख्खं खोकं ५०० मिलीपर्यंत, ग्रुप तीनचं १ लिटरपर्यंत. मॉडेलचे रंग येतात १० ते २३ मिलीच्या बाटल्यांत. म्हणजे हे माप त्यांना जणू अंगावर घेऊनच शिवलेलं. स्प्रेला मात्र ही सवलत नाही, डबा कितीही छोटा असो.

सवलत फुकट मिळत नाही. बाटलीच्या झाकणाला टेप, मग गळकं शोषून घेणारं काहीतरी भरलेलं मधलं वेष्टण, मग कडक खोकं. ते पावणेदोन मीटरहून थोड्या जास्त उंचीवरून, १.८ मीटरवरून, पडूनही फुटता कामा नये आणि तीन मीटर थप्पीचं वजन चोवीस तास सोसलं पाहिजे. शिवाय विमानाने पाठवणाऱ्याला प्रशिक्षण लागतं, आणि विमान कंपनी स्वतःचे कडक नियम लावू शकते. चार बाटल्या पाठवणारा माणूस एवढं करत नाही. कुरिअर कंपनीलाही हे सगळं तपासण्यापेक्षा 'लिक्विड चालत नाही' हे तीन शब्द स्वस्त पडतात. एकाच हबमध्ये सरफेसची (रस्त्याने जाणारी) आणि विमानाची पार्सलं वेगळी केली जातात, चूक झाली तर निस्तरायची त्यांना. त्यांची अडचण खरी आहे.

तरी ती सरसकट मनाई सोयीनुसार वाकते. मार्च २०२० मध्ये सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू ठरलं, आणि सत्तर टक्के अल्कोहोलच्या अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्या पार्सलने घरोघरी आल्या. त्यांचाही फ्लॅशपॉइंट तेवीसच्या खालीच. डिओडरंटचा स्प्रे रंगाच्या स्प्रेचाच भाऊ, यूएन क्रमांकही तोच, आणि तो रोज नंदुरबारपर्यंत पोचतो. मोठ्या विक्रेत्याचा करार असतो, माल जाहीर केलेला असतो, गाडी रस्त्याचीच ठरलेली असते. हौशी माणसाला तसा करार कुणी देत नाही. रस्त्यासाठीचे १९८९ चे मोटार वाहन नियम धोक्याच्या मालाला वर्गाची लेबलं आणि ड्रायव्हरला प्रशिक्षण सांगतात, पण ते वाचताना डोळ्यांपुढे टँकर येतो, बाटली नाही.

मग लोक 'ट्रॅव्हल्सवर टाकून दे' म्हणतात. पुण्याहून रात्री निघालेल्या गाडीच्या डिकीत, प्रवाशांच्या बॅगांखाली, नाव न लिहिलेलं खोकं. सगळ्यांत धोक्याची वाट हीच. एसटीत ज्वालाग्राही पदार्थ नेऊ नका अशी पाटी असते ती याचसाठी, आणि खाजगी गाडीच्या डिकीत आग वेगळी लागत नाही.

सरळ पर्याय जुनाच आहे : ट्रान्सपोर्टने पाठवा, बिल्टी (मालाची पावती) करा, गोडाऊनवरून उचला. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याने १८६५ चा जुना कायदा काढून टाकला. नव्या कायद्यात माल काय आहे ते लिहून द्यायचं पाठवणाऱ्याने, आणि लिहिलेलं खोटं निघून नुकसान झालं तर भरायचंही त्यानेच. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग भेटतात, त्यामुळे ट्रान्सपोर्टवाल्यांची वाण नाही. चार बाटल्यांसाठी कमीत कमी भाडं रंगाच्या किमतीला भिडतं, म्हणून आता दोघं-तिघं मिळून मागवतात. पाण्यातले रंग मात्र वेगळे काढून कुरिअरला देतात. त्यांच्या खोक्यात विक्रेता सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रंगाचे धोके सांगणारा कागद, टाकतो, फ्लॅशपॉइंटच्या ओळीवर पेनाने खूण करून.