वेबसाइट करून घेण्यापूर्वी: पैसे कशाचे, नाव कोणाचं

"वेबसाइटला किती पडतील?" फोनवर पहिला प्रश्न हाच असतो. आम्ही आकडा लगेच सांगत नाही, कारण त्या एका आकड्यात तीन वेगळे खर्च असतात: डोमेन (साइटचं नाव, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायला भाड्याने घेतलेली सर्व्हरवरची जागा) आणि प्रत्यक्ष काम. पहिले दोन दरवर्षी भरावे लागतात, तिसरा एकदाच. कोटेशन कोणाकडूनही घ्या, पण हे तीन आकडे सुटे लिहून मागा.

डोमेन

सगळ्यांत कमी पैसे इथे लागतात आणि सगळ्यांत जास्त घोळही इथेच होतात. डॉट इन किंवा डॉट कॉम नाव वर्षाला साधारण हजाराच्या आसपास मिळतं. ते कोणाच्या नावावर आणि कोणत्या ई-मेलवर घेतलंय, हे सातबारा तपासावा तसं तपासा. डिझायनरने स्वतःच्या खात्यातून घेतलं असेल, तर नोंद त्याची. उद्या तो नोकरीसाठी पुण्याला गेला, नंबर बदलला, की मुदत संपत आल्याचा ई-मेल तुमच्यापर्यंत येतच नाही. मुदत टळली तर सुरुवातीला बहुतेक वेळा नेहमीच्या दरात नूतनीकरण होतं. त्यानंतर डॉट कॉमसाठी 30 दिवसांचा रिडेम्प्शन काळ असतो आणि त्यात दंडासकट बरीच मोठी रक्कम मोजावी लागते. तोही गेला की तुमचं नाव कोणीही घेऊ शकतं. वर्षानुवर्षं व्हिजिटिंग कार्डावर, गाडीवर, बॉक्सवर छापलेलं नाव असं जाताना बघवत नाही.

म्हणून आमच्याकडे डोमेन ग्राहकाच्याच खात्यात घेतलं जातं, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतो. अर्धा तास जास्त जातो, पण यात आम्ही तडजोड करत नाही. नाव आधीच दुसऱ्याच्या खात्यात अडकलं असेल, तर संबंध चांगले आहेत तोवर ऑथ कोड, म्हणजे नाव दुसरीकडे हलवायला लागणारा सांकेतिक क्रमांक, मागून घ्या.

होस्टिंग

पहिल्या वर्षाचा दर बघू नका, दुसऱ्या वर्षाचा विचारा. 'अनलिमिटेड'च्या अटी वाचल्या तर फाइलींच्या संख्येवर मर्यादा सापडते. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फौंड्रीच्या दहा पानी साइटला साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) भरपूर झालं. एसएसएलचे, म्हणजे साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे कोणी लावले, तर कशाचे ते जरूर विचारा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि आपोआप नवं होतं. एसएसएलच नसेल, तर जुलै 2018 पासून क्रोम तुमच्या साइटवर 'सुरक्षित नाही' असं दाखवतो.

बॅकअप मात्र दुसऱ्या ठिकाणी हवा. 2019 आणि 2021 च्या महापुरात तळमजल्यावरच्या दुकानांत, ऑफिसांत पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथल्याच कॉम्प्युटरवर एकुलती एक प्रत ठेवण्यात काही अर्थ नाही.

कामाचे पैसे

आम्ही पानांवर नाही, तासांवर दर काढतो. एक उदाहरण देतो. छापील कॅटलॉग तयार असला की ग्राहकाला वाटतं, मजकूर आहेच, फक्त चढवायचाय. पण तो प्रेसमध्ये श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप झालेला असतो. वेबसाइटवर टाकला की अक्षरांच्या जागी खुणा उमटतात, आणि गूगलला त्यातलं काहीच वाचता येत नाही. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणायचा, मग फुटलेली जोडाक्षरं ओळ न् ओळ तपासायची. फोटोंचंही तसंच. मोबाइलमधला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा टाकला, तर गावाकडच्या नेटवर चपलेचा पट्टा दिसेपर्यंत माणूस निघून जातो. आमचे तास जातात ते असे.

तुमचा मजकूर युनिकोडमध्ये असेल, तर बिल खरंच कमी होतं. फौंड्रीवाल्यांनी ग्रेड, कास्टिंगची किमान-कमाल वजनं आणि टेस्टिंगची सोय लिहून आणावी; खरेदी खात्यातला माणूस 'आमच्याविषयी'च्या आधी तेच शोधतो. चप्पलवाल्यांनी मापांचा तक्ता द्यावा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय. तुम्ही अधिकृत वापरकर्ते असाल, तर तो नोंदणी क्रमांकही साइटवर यायला हवा.

कोटेशनमध्ये दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या धरलेल्या असतात, पुढच्या फेरीला तासाप्रमाणे आकार पडतो. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय काम सुरू होत नाही. जीएसटी नोंदणी असलेला साधारणपणे बिलावर 18 टक्के लावतो, तेव्हा दोन कोटेशनची तुलना करताना ते आत धरलेत की बाहेर ते बघा.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी जण विचारतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फ्रीलान्सरने केलेल्या डिझाइनचा आणि कोडचा पहिला मालक साधारणपणे तोच असतो. पैसे चुकते केले म्हणून हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाहीत, ते लेखी घ्यावे लागतात. कागदावर मुदत नसेल तर पाचच वर्षं धरली जातात. आम्ही शेवटच्या हप्त्याबरोबर हा कागद सही करून देतो, मुदतीची ओळ त्यात स्पष्ट असते.

गल्लीतलं किराणा दुकान किंवा खानावळ असेल, तर आमच्याकडे यायची घाई करू नका. आधी गूगलवर धंद्याची मोफत नोंद करा, वेळा आणि फोटो नीट टाका. साइटची गरज वाटली तर तेव्हा बोलू.