तेलातील कॉर्क क्लच

तेलातील कॉर्क क्लच म्हणजे फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, लागून असलेल्या बंद पोकळीत थोडे पातळ तेल ठेवून, त्या तेलात भिजलेल्या कॉर्कच्या घर्षणावर इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे पाठवणारा क्लच होय. डेट्रॉइट येथे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या हडसन कंपनीने तो आपल्या मोटारींत अनेक दशके वापरला. तिच्या एसेक्स आणि टेराप्लेन या गाड्यांतही तो होता. १९५४ मध्ये ही कंपनी नॅश या मोटार कंपनीशी विलीन झाली आणि त्यानंतरच्या हडसन नावाच्या गाड्या मुळात नॅशच्याच बांधणीच्या असल्याने हा क्लच मागे पडला.

क्लच प्लेटला छिद्रे पाडून त्यांत कॉर्कचे गोल तुकडे दोन्ही बाजूंनी किंचित वर राहतील असे बसवलेले असतात. पेडल सोडल्यावर प्रेशर प्लेट त्यांना फ्लायव्हीलवर दाबते. दाब वाढत जातो तसे मधले तेल बाहेर सरकते आणि कॉर्कची पकड हळूहळू बसते. गाडी झटका न देता उचलते ती यामुळेच. घर्षणाची उष्णताही तेलच वाहून नेते, त्यामुळे तेल गेले की कॉर्क थोड्याच काळात जळून काळा पडतो.

या क्लचची सारी देखभाल तेलाचे माप आणि तेलाची जात या दोन गोष्टींभोवती फिरते. लागणारे तेल अमेरिकन पाइंटचा सुमारे एक तृतीयांश, म्हणजे जेमतेम १६० मिलिलिटर, हॉटेलातल्या दोन कप चहाइतके असते. ब्रिटिश पाइंट मोठा असल्याने त्या मापाने ओतल्यास तेच १९० मिलिलिटरच्या आसपास जाते, म्हणून पुस्तिकेतील आकडा मापाच्या नळीने मिलिलिटरमध्येच मोजून घ्यावा. तेल बदलताना इंजिन हाताने फिरवून फ्लायव्हीलवरील प्लग खाली आणतात व जुने तेल पूर्ण निथळू देतात. ते काळे व जळकट वासाचे असेल तर आत थोडे रॉकेल घालून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन मंद चालवत पेडल दाबत-सोडत राहतात. रॉकेल काढून टाकल्यावरच नवे तेल भरतात; रॉकेल आत असताना गाडी रस्त्यावर नेऊ नये. प्लगखालचा वायसर दर वेळी नवा घालावा, कारण फिरत्या फ्लायव्हीलमधून तेल बाहेर फेकले जाते आणि एवढ्याशा तेलात थोडीशी गळतीही जाणवते.

कंपनीचे ‘हडसनाइट’ नावाचे स्वतंत्र क्लच तेल असे. आता त्याऐवजी बहुतेक जण ऑटोमॅटिक गिअरपेटीचे तेल, त्यातही घर्षण कमी करणारी द्रव्ये नसलेले ‘टाइप एफ’ जातीचे, पसंत करतात. इंजिन ऑइल त्या मानाने जाड असते; ते घातल्यास पेडल पूर्ण दाबूनही प्लेट सुटत नाही आणि पहिला गिअर करकरतो. सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरील बेळगावात थंडीच्या सकाळी हा दोष अधिक जाणवतो. ब्रेक ऑइल तर मुळीच घालू नये. उद्यमबाग या तिथल्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक्सचे कारखाने असल्याने हायड्रॉलिक ऑइल सहज हाताशी येते आणि ‘तेच चालतंय की’ असा सल्लाही मिळतो. पण ते तेल पंप व सिलिंडरसाठी बनवलेले असते, कॉर्कच्या पकडीसाठी नव्हे. त्याच वसाहतीचा खरा उपयोग वाकलेली प्रेशर प्लेट सपाट करून घेण्यासाठी आणि क्लचच्या आवरणाचे गॅस्केट कापून घेण्यासाठी होतो.

बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ला घाटात किंवा सावंतवाडीच्या वाटेवर आंबोलीत ट्रकमागे अडकल्यावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवण्याची सवय या क्लचला महागात पडते. तेल तापून आणखी पातळ होते, क्लच घसरू लागतो आणि चालक अधिक ॲक्सिलरेटर देतो, त्यामुळे उष्णता वाढतच जाते. अशा वेळी हँडब्रेक लावून न्यूट्रलमध्ये थांबणे बरे. खानापूर भागातल्या पावसात गाडी महिनोन्महिने शेडमध्ये उभी राहते, तेव्हा तेल तळाशी बसते व वरचे कॉर्क कोरडे पडू लागतात. म्हणून अधूनमधून इंजिन चालवून पेडल काही वेळा दाबावे.

गाडी उचलताना थरथरणे हे बहुधा तेल कमी झाल्याचे लक्षण असते. तेल योग्य असूनही थरथर थांबत नसेल तर कॉर्क झिजले असल्याचा संशय घ्यावा. कॉर्क बदलण्याचे काम सीमाभागातल्या मिस्त्रींना अगदीच परके नाही, कारण बजाज चेतकसारख्या जुन्या स्कूटरच्या क्लच प्लेटाही कॉर्कच्याच असत आणि तेलातच चालत. फरक एवढाच, की स्कूटरची प्लेट तयार मिळते, तर इथे एकेक तुकडा छिद्रात दाबून बसवावा लागतो आणि नंतर सर्व तुकडे दोन्ही बाजूंनी एका पातळीत घासावे लागतात. एखादा उंच राहिला तर सारा भार त्याच्यावर येऊन तो आधी जळतो. घासून झालेली प्लेट बसवण्यापूर्वी क्लचमध्ये घालायच्या तेलातच भिजत ठेवावी.