पार्श्वभूमी : जुने कॅबिनेट, पाण्याचा ब्लॉक आणि उद्यमबागेतील लेथ

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नव्वदच्या दशकातली फिकट पिवळसर संगणक-कॅबिनेटे अजूनही घरांच्या माळ्यांवर आणि भंगाराच्या दुकानांत सापडतात. त्यांचा पत्रा मजबूत असतो आणि आत जागाही भरपूर असते. अशा कॅबिनेटमध्ये नवा मदरबोर्ड बसवून तो पाण्याने थंड ठेवण्याचा छंद असलेल्यांना मात्र एक अडचण ठरलेली असते : बाजारात मिळणारा तयार वॉटरकूलिंग संच (पंप, प्रोसेसरवर बसणारा धातूचा वॉटर ब्लॉक आणि तापलेले पाणी पुन्हा थंड करणारी जाळी म्हणजे रेडिएटर) त्यात बसत नाही. ही अडचण कुठून आली आणि सीमाभागातल्या माणसाला ती इतरांइतकी जड का वाटू नये, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यातल्या इंटेल ८०८८ चिपवर हीटसिंकसुद्धा (उष्णता पसरवणारा धातूचा पंखेदार तुकडा) नव्हता. पॉवर सप्लायमधला पंखा जी हवा खेळवी तेवढी तिला पुरत असे. १९९३ च्या ६६ मेगाहर्ट्‌झ पेंटियमने सुमारे १६ वॉट उष्णता बाहेर टाकायला सुरुवात केली आणि प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसवणे भाग पडले. २००४ मधील प्रेस्कॉट पिढीच्या पेंटियम ४ मध्ये हा आकडा ११५ वॉटपर्यंत पोहोचला, तर २०२३ च्या कोअर आय९-१४९००के साठी इंटेलने दिलेली कमाल मर्यादा २५३ वॉट आहे. माळ्यावरचे कॅबिनेट पेंटियमच्या काळातले असते. मागे एक ८० मिलिमीटरचा पंखा पुरेल, अशा हिशेबाने ते बनवलेले आहे.

कंपन्या-संस्थांच्या मोठ्या संगणकांनी पाण्याचा आधार फार आधी घेतला होता. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ९१ मध्ये साठच्या दशकातच पाणी वापरले गेले. पुढे ३०८१ या यंत्रात चिपांच्या पाठीवर टेकणारे धातूचे दट्टे आणि त्यांच्यावरची पाण्याची थंड पाटी अशी रचना आली, आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती आजही अभ्यासण्यासारखी आहे. १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड टकरमन आणि फॅबियन पीज यांनी सिलिकॉनमध्ये केसासारख्या बारीक वाहिन्या कोरून त्यांतून पाणी सोडले आणि दर चौरस सेंटिमीटरमागे ७९० वॉट उष्णता वाहून नेता येते हे दाखवले. आज विकत मिळणाऱ्या प्रत्येक चांगल्या वॉटर ब्लॉकच्या तळाशी असणाऱ्या बारीक पात्यांमागे हेच तत्त्व आहे. नव्वदच्या दशकात सीमॉस या कमी वीज खाणाऱ्या प्रकारच्या चिपांमुळे उष्णता घटली, मोठी यंत्रे पुन्हा हवेवर आली, आणि नेमक्या त्याच दशकात हौशी मंडळींनी पाणी घरात आणले.

निमित्त ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचे होते. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर, त्याला बोर्डाशी जोडणाऱ्या वाहिनीचा (बसचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केल्यावर ४५० मेगाहर्ट्‌झवर चालत असे. त्या काळात संगणकासाठी बनवलेले पंप किंवा रेडिएटर दुकानात मिळत नव्हते, म्हणून लोकांनी मोटारीच्या हीटरची जाळी, माशांच्या टाकीचा पंप आणि लेथवर किंवा मिलिंग मशीनवर कोरलेला तांब्याचा तुकडा एकत्र जोडला. पुढे या कामाच्या कंपन्या निघाल्या, आणि २००९ मध्ये कॉर्सेअरचा एच५० आल्यावर कारखान्यातच पाणी भरून सीलबंद केलेले संच सर्वसामान्यांच्या हाती आले. सोय निर्विवाद वाढली, पण हे संच १२० मिलिमीटर पंख्याची जागा असलेल्या नव्या कॅबिनेटसाठी आखलेले होते. जुने कॅबिनेट तिथेच मागे पडले.

बेळगावचे वेगळेपण इथे सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये याच शहरात सायकलचे दुकान काढले, कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांची सुरुवात इथेच झाली, आणि १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. पुढे बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक परिसरात फाउंड्री, क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिक सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या आधाराने जॉबवर्क (मागणीप्रमाणे सुटे काम) करणारी लहान वर्कशॉप्स टिकून राहिली. वॉटरकूलिंगच्या फिटिंगला जगभर जे आटे वापरले जातात ते पाव इंची समांतर बीएसपी (पाइपच्या आट्यांचे ब्रिटिश प्रमाण) आहेत, म्हणजे हायड्रॉलिकचे काम करणाऱ्याच्या रोजच्या वापरातले. त्यांचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) आणि ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) इथल्या कारागिराच्या खणात आधीपासूनच असतात. अन्य गावी परदेशातून मागवावा लागणारा भाग इथे तांब्याची पट्टी आणि मोजमापाचा कागद घेऊन गेल्यास बनवून घेता येतो. माझ्या मते जुन्या कॅबिनेटसाठी हाच मार्ग अधिक योग्य आहे, कारण त्यात कॅबिनेटला संचाप्रमाणे कापावे लागत नाही. संच कॅबिनेटच्या मापाने घडतो.

या कॅबिनेटांची मापेही त्यासाठी अनुकूल आहेत. समोरचे सीडी-ड्राइव्हचे सव्वापाच इंची खण एकावर एक असे तीन घेतले तर सुमारे १२४ मिलिमीटर उंची मिळते, रुंदी जवळपास १४६ मिलिमीटर असते. म्हणजे एका १२० मिलिमीटर पंख्याचा अरुंद कडांचा रेडिएटर पुढच्या बाजूने नेमका आत जातो आणि पत्रा फारसा कापावा लागत नाही. मात्र आधुनिक गरम प्रोसेसरला एवढाच रेडिएटर पुरणार नाही, त्याला वरच्या पत्र्यात दुसरा बसवावा लागतो. मध्यम क्षमतेच्या प्रोसेसरचे काम पुढच्या एकाच रेडिएटरवर शांतपणे चालते.

धातूंच्या बाबतीत काळजी हवी. तांब्याचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले की अॅल्युमिनियम झिजत जाते, हा सुरुवातीच्या हौशी मंडळींनी महागात घेतलेला धडा आहे. मोटारीची जुनी जाळी वापरायची तर ती तांबे-पितळेचीच निवडावी. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी क्षारांमुळे बारीक पात्यांत थर साठवते, म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक द्रव घालावा. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला हवा ओलीचिंब असते, तरी आत दव धरण्याची भीती नको, कारण साध्या रेडिएटरमधले पाणी खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. ती भीती बर्फ किंवा चिलर (पाणी गार करणारे यंत्र) वापरणाऱ्याला असते. एप्रिल-मेमध्ये, पारा ३५ अंशांच्या पुढे गेल्यावर, हीच मर्यादा उलट बाजूने जाणवते आणि पंख्यांचा वेग वाढवावा लागतो.

एकदा नीट बनवलेला ब्लॉक प्रोसेसर बदलला म्हणून टाकून द्यावा लागत नाही. इंटेलच्या एलजीए ११५एक्स या सॉकेट-मालिकेत (सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) बोर्डवरच्या छिद्रांचे अंतर ७५ मिलिमीटर होते, २०२१ च्या एलजीए १७०० मध्ये ते ७८ झाले. ब्लॉकचा तळ नव्या प्रोसेसरला पुरेसा रुंद असेल तर फक्त वरची पकडपट्टी नवी लागते, आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या पत्र्यातून ती कोणताही फिटर कापून, छिद्रे पाडून देऊ शकतो.